झेनोफोरा पॅलिड्युला: शंखावर पांढरी पावडर सुटायलीय, दोन तुकडे निखळलेत

मांजराकाठ

नमस्कार मंडळी. लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातला नमुना आहे. झेनोफोरा म्हणजे स्वतःच्या शंखावर दुसरे शंख-शिंपले चिकटवून घेणारी समुद्री गोगलगाय. जुन्या चिठ्ठीवर फिकट शाईत एवढंच: "झेनोफोरा पॅलिड्युला, खोल समुद्र". ठिकाण नाही, तारीख नाही, किती खोलीवरून काढला तेही नाही. शंख बसक्या शंकूसारखा, पिवळसर पांढरा. शंखाचा स्वतःचा व्यास ६२ मिमी, कडेला चिकटलेल्या वस्तू धरल्या तर ९८ मिमी, उंची ३८ मिमी. वर लांबुडके छोटे शंख, शिंपल्यांचे तुकडे आणि प्रवाळाची एक काडी चिकटलेली आहे.

अडचण अशी की यंदाच्या पावसाळ्यापासून त्याच्यावर पांढरी पावडर सुटायलीय. ब्रशनं झटकली की आठ-पंधरा दिवसांत परत हजर. बुडाकडं जास्त, आणि वेढ्यांच्या सांध्यांत तर कापूस भरल्यागत दिसतंय. दोन तुकडे गळून खाली पडलेत. कपाट सागवानी, पाठीमागची फळी प्लायवुडची, दार काचेचं.

विचारायचंय ते असं. पावडर नेमकी कशाची? धुवायचा तर कशानं? तुकडे परत बसवायचे का, कोणत्या गोंदानं? आणि चिठ्ठीवरचं नाव बरोबर आहे, की दुकानदारानं शिंपले चिकटवून खपवलेला माल आहे?

बालाघाटी

आधी काय करायचं नाही ते ऐका. धुवू नका, पुसू नका, डांबरगोळ्या टाकू नका. त्या कपाटातून तो आजच बाहेर काढा आणि झाकण उघडं ठेवून साध्या प्लास्टिकच्या डब्यात वेगळा ठेवा. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, शेजारी मिमीची पट्टी ठेवून. निखळलेले तुकडे वेगवेगळ्या पुड्यांत, आणि कुठला तुकडा कुठं पडलेला सापडला ते पुडीवर पेन्सिलीनं.

कॉलेजच्या कपाटात पांढऱ्या पावडरीचे चार संशयित असतात. चारही दिसायला सारखे, उपाय मात्र चौघांचे वेगळे. म्हणून तपासणी आधी.

थोडी पावडर सुईच्या टोकानं काचपट्टीवर घ्या, त्यावर आसुत पाण्याचा एक थेंब. बोअरचं पाणी चालणार नाही. बॅटरीच्या दुकानात मिळणारं डिस्टिल्ड वॉटर चालतं, मात्र बाटली नीट वाचून घ्या, त्याच फळीवर बॅटरीचं अॅसिडही असतं. मिनिट-दोन मिनिटांत पावडर विरघळली तर ती एकतर आम्लाच्या वाफेनं तयार झालेला कॅल्शियमचा क्षार आहे, नाहीतर शंखात राहून गेलेलं समुद्राचं मीठ. विरघळली नाही आणि पातळ हायड्रोक्लोरिकच्या थेंबानं फसफसली, तर तो पूर्वी कुणीतरी जड पाण्यानं धुतल्यामुळं बसलेला चुन्याचा थर, किंवा शंखाचाच झिजलेला भुगा.

मीठ की क्षार हे ठरवायला रसायनशास्त्र विभागात जा. विरघळलेल्या थेंबात आधी पातळ नायट्रिक आम्लाचा थेंब, मग सिल्व्हर नायट्रेटचा. दह्यासारखा पांढरा साका आला तर क्लोराइड, म्हणजे मीठ. नायट्रिक आधी टाकायचं विसरू नका, नाहीतर इतर क्षारांचाही साका येऊन फसगत होते.

तिसरा संशयित बुरशी. सूक्ष्मदर्शकाखाली धागे दिसले की झालं. चौथा म्हणजे खुद्द डांबरगोळी. नॅप्थलीन उडून जातं आणि थंड पृष्ठभागावर चकचकीत पापुद्र्यांच्या रूपात परत बसतं. ते पाण्यात विरघळत नाही, वासावरून कळतं, आणि नमुना हवेशीर जागी ठेवला की काही दिवसांत आपोआप जातं. शंखाला कीड लागत नाही, त्यामुळं शंखाच्या कपाटात डांबरगोळीचं तसंही काही काम नाही.

कपाटात आणखी काय-काय ठेवलंय तेही सांगा.

रंगीत_शिंपले

इतकं कशाला? एक भाग हायड्रोक्लोरिक, दहा भाग पाणी, पाच सेकंद बुडवून काढायचा. वरून खोबरेल तेलाचा हात. नव्यासारखा चमकतो.

बालाघाटी

चमकतो, कारण वरची कातडी सोललेली असते. शंख म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, आम्लात तो स्वतःच विरघळतो. पाच सेकंदांत आधी जातात त्या बारीक वाढरेषा आणि नक्षी, आणि प्रजाती ओळखायला नेमक्या त्याच लागतात. झेनोफोराच्या बाबतीत तर दुहेरी नुकसान आहे. वर चिकटलेले शिंपले याच प्राण्यानं चुन्याच्याच सांध्यानं जोडलेले असतात. आम्ल त्या सांध्यात शिरतं, तिथं अडकून राहतं आणि वरून कितीही धुतलं तरी आतून खात बसतं.

खोबरेल किंवा गोडंतेल हवेत खवट होतं, त्यातून मेदाम्लं सुटतात. शिवाय धूळ चिकटते ती वेगळीच. दिवाणखान्यातल्या शोभेच्या शंखाला काय लावायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, संग्रहालयाच्या नमुन्याला तेल नको.

खडकपारखी

जड पाण्याचा मुद्दा अधोरेखित करतो. आपल्याकडचं बोअरचं पाणी बेसाल्टातल्या भेगांतून येतं. कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर, बऱ्याच ठिकाणी क्लोराइडही. शंख अशा पाण्यात धुवून वाळवला की कडेकडेनं पांढरा थर बसतो आणि लोक त्याला 'रोग' समजून आणखी धुतात. ओळखायची खूण म्हणजे हा थर कडक असतो, नखानं भुगा होत नाही, आणि पुसला की पंधरा दिवसांत परत येत नाही. तुमची पावडर परत-परत येतेय, त्यामुळं हा संशयित मला तरी बाद वाटतो.

जाता जाता एक: कुणी असा शंख दाखवून "विहिरीच्या खोदकामात सापडला" म्हणालं तर विश्वास ठेवू नका. मराठवाड्याचा बहुतेक खडक जमिनीवर पसरलेल्या लाव्ह्याचा आहे. दोन थरांच्या मधल्या गाळात शंख मिळाले तर ते गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे असतात.

दुधनातीर

ओळख आणि खरं-खोटं, या दोन्हीबद्दल लिहितो.

झेनोफोरा म्हणजे ग्रीकमध्ये 'परकं ओझं वाहणारी'. आपल्या भाषेत हमाल शंख म्हणायला हरकत नाही. कुळ झेनोफोरिडी, त्यात तीन वंश, म्हणजे जवळच्या जातींचे गट: झेनोफोरा, ओनस्टस, स्टेलारिया. पॅलिड्युला ही जाती रीव्ह यानं १८४२ मध्ये 'फोरस पॅलिड्युलस' या नावानं नोंदवली, वंशाचं नाव नंतर बदललं, म्हणून आज नाव लिहिताना रीव्ह आणि १८४२ कंसात येतात. हिंद-प्रशांत महासागरात, साधारण शंभर मीटरपासून काहीशे मीटर खोलीपर्यंत, गाळ-वाळूच्या तळावर राहते. संग्राहकांकडं येणारा बराच माल फिलिपिन्सचा. बोहोल बेटाजवळ पांगलाओ-बालिकासाग भागात कोळी खोल उतारावर गुंत्याची जाळी सोडून ठेवतात, त्यात हे शंख अडकतात.

चिकटवण्याची पद्धत समजली की नकली माल आपोआप ओळखू येतो. शंख वाढतो तो तोंडाच्या कडेनं, आणि प्राणी नवी वस्तू चिकटवतो तीही तिथंच, त्या वेळच्या ताज्या कडेवर. आधी वस्तू आणि स्वतःची कड साफ करतो, सोंड आणि पाय वापरून वस्तू जागेवर आणतो, प्रावारातून (शंख घडवणाऱ्या मऊ पडद्यातून) स्राव सोडतो आणि सांधा पक्का होईपर्यंत काही तास जवळपास हलत नाही. पुढचा वेढा वाढताना मागच्या वस्तूंच्या मुळाशी येऊन टेकतो. यावरून तपासायचं ते असं.

वस्तू शिखरापासून खाली गोल फिरत, वेढ्याच्या सांध्यालगत ओळीनं असल्या पाहिजेत. शिखराजवळच्या बारीक, खालच्या मोठ्या. कारण वरच्या चिकटवल्या तेव्हा प्राणीच लहान होता. शिखरापाशी मोठा शिंपला दिसला तर शंका घ्या. तळाच्या सपाट बाजूवर काही चिकटवलेलं असेल तर ते माणसाचं काम. तो भाग प्राण्याच्या पोटाखाली असतो.

शिंपल्याची खोलगट आतली बाजू वर असते, छोट्या शंखांचं तोंडही बहुधा वरच. नकली मालात नेमकं उलटं केलेलं असतं, कारण शिंपल्याची रंगीत पाठ गिऱ्हाइकाला दिसायला हवी असते. लांबुडक्या वस्तूंचं एक टोक शंखाला आणि दुसरं बाहेर, चाकाच्या आऱ्यांसारखं. वस्तूही मेलेल्या, झिजलेल्या, मळकट असतात. उथळ पाण्यातली चकचकीत कवडी खोल पाण्यातल्या शंखावर बसलेली दिसली तर तिथं कुणाचा तरी हात फिरलाय.

मुख्य पुरावा सांध्याखाली मिळतो. खरी वस्तू निखळली की मूळ शंखावर तिच्या आकाराचा खळगा किंवा व्रण राहतो. तुमचे दोन तुकडे पडलेत ही तपासायला चांगलीच संधी आहे. दहापट भिंगाखाली बघा. खळगा आहे आणि तुकड्याची कड त्यात बसते, तर अस्सल. गुळगुळीत पृष्ठभाग आणि त्यावर पारदर्शक किंवा पिवळट चकाकी, तर गोंद. अंधारात अतिनील टॉर्च मारा. बरेच गोंद निळसर-पांढरे उजळतात. शंखाचे काही भागही थोडेफार उजळतात, म्हणून एकट्या सांध्याकडं बघून ठरवू नका, शेजारच्या मोकळ्या पृष्ठभागाशी तुलना करा.

जातीबद्दल: शंख उलटा धरून नाभी, म्हणजे तळाच्या मधलं भोक, बघा. पॅलिड्युलाची नाभी अरुंद असते. नाभी रुंद, खोल आणि कडेला पातळ झालर असेल, वस्तू फक्त शिखराजवळ दोन-चार असतील, तर तो ओनस्टस. आपल्या हिंदी महासागरातला ओनस्टस इंडिकस तसा दिसतो. कडेनं सूर्याच्या किरणांसारखे पोकळ काटे असतील तर स्टेलारिया सोलारिस. आणि नाभी बंद, वरचा भाग वस्तूंनी गच्च झाकलेला, तर अटलांटिकच्या अमेरिकी बाजूचा, बराच उथळ पाण्यातला झेनोफोरा काँकिलिओफोरा. तुमचं वर्णन आणि मापं पॅलिड्युलाला जुळतात, पण नाभी बघितल्याशिवाय मी चिठ्ठीवर सही करणार नाही.

मांजराकाठ

सगळ्यांचे आभार. तपासणी केली ती अशी.

पावडर आसुत पाण्यात मिनिटभरात पूर्ण विरघळली. नायट्रिकनंतर सिल्व्हर नायट्रेट टाकलं, साका नाही. धागे नाहीत. शंख असलेला डबा रात्रभर बंद ठेवून सकाळी उघडला तर व्हिनेगरसारखा हलका आंबूस वास आला.

कपाटात खालच्या दोन फळ्यांवर फॉर्मॅलिनच्या बरण्या आहेत, बेडूक, साप वगैरे. पाच-सहा बरण्यांची पातळी बरीच खाली गेलीय. शंख वरच्या फळीवर कापसावर ठेवलेले.

नाभी अरुंद आणि उघडी. निखळलेल्या दोन तुकड्यांपैकी लांब शंखाखाली स्पष्ट खळगा आहे, तो तुकडा त्यात बसतो. दुसरा, शिंपल्याचा, पाठ वर करून लावलेला होता. त्याखाली खळगा नाही आणि पिवळट चकाकी आहे, टॉर्चखाली ती उजळते.

बालाघाटी

मग निदान झालं. याला बाइनचा रोग म्हणतात. १८९९ मध्ये बाइन नावाच्या इंग्रज संग्राहकानं कपाटातल्या शंखांच्या या झिजेवर लिहिलं, त्यावरून नाव पडलं. नाव रोग असलं तरी जंतूंचा काही संबंध नाही, एका शंखाचा दुसऱ्याला 'लागत' नाही. शेजारचेही बिघडतात, कारण हवा एकच. अॅसिटिक आणि फॉर्मिक आम्लाची वाफ, त्यात दमटपणा; आम्ल शंखातल्या कॅल्शियम कार्बोनेटवर बसतं आणि अॅसिटेट-फॉर्मेटचे विरघळणारे क्षार तयार होतात. ती तुमची पावडर. म्हणजे झटकता ते शंखाचंच अंग आहे, दर पंधरा दिवसांनी थोडं-थोडं.

तुमच्या कपाटात आम्लाचे स्रोत तीन आहेत. सागवान पूर्ण निर्दोष नाही, प्लायवुड त्याहून वाईट. पण खरा गुन्हेगार बहुधा फॉर्मॅलिन. फॉर्मॅल्डिहाइडचं हवेत ऑक्सिडीकरण होऊन फॉर्मिक आम्ल होतं. बरण्यांची पातळी उतरलीय म्हणजे झाकणांचं सील सुकलंय. उन्हाळ्यात खोली तापते तेव्हा बरण्या वाफ सोडतात, पावसाळ्यात दमटपणा येतो आणि साठलेलं काम पुरं होतं. म्हणून तुम्हाला पावसाळ्यापासून दिसतंय. पेरणी मात्र चैत्र-वैशाखातच झालेली असते.

धुण्याची पद्धत. आधी शंखावर स्पंज किंवा नाजूक नळ्या चिकटल्यात का बघा. पॅलिड्युलावर कधी-कधी काचस्पंज असतो. तसं असेल तर बुडवायचं नाही, आसुत पाण्यात ओला करून पिळलेल्या कापसाच्या काडीनं फक्त पावडरीची जागा टिपायची, आणि हातमोजे घालायचे, त्या स्पंजाच्या सुया काचेच्याच असतात.

स्पंज नसेल तर: मऊ रंगाच्या ब्रशनं कोरडी पावडर काढा, तोंडाला मास्क लावून. काचेच्या भांड्यात शंख पूर्ण बुडेल एवढं, साधारण पाऊण ते एक लिटर आसुत पाणी, खोलीच्या तापमानाचं. तळाशी नायलॉनची जाळी ठेवा, म्हणजे कडेच्या वस्तूंवर भार येत नाही. शंख तिरका बुडवा, आतली हवा बुडबुड्यांनी निघू द्या. वीस ते तीस मिनिटं, मग पाणी बदला. असं तीनदा. रात्रभर भिजत ठेवू नका. झिजलेला पृष्ठभाग मऊ झालेला असतो आणि सांधे सुटतात. साबण नको, व्हिनेगर तर नकोच, सोडाही नको.

भांड्याच्या तळाशी काही पडलंय का ते पाणी ओतण्याआधी बघा. बारीक तुकडे मोरीत जातात आणि मग नोंदवहीत फक्त 'गहाळ' लिहावं लागतं.

वाळवताना तोंड खाली करून जाळीवर ठेवा. उन्हात नाही, सावलीत पंख्याखाली, किमान चार दिवस. बाहेरून दुसऱ्याच दिवशी सुकलेला दिसतो, पण आतल्या वेढ्यात पाणी राहतं. रोज एकदा वजन करा, ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर उत्तम. लागोपाठ दोन दिवस वजन सारखं आलं की वाळला.

झिजलेला भाग भरून येत नाही, तो पांढुरका, खरबरीत राहील. रंग देऊन लपवू नका.

गोदाकाठ

गोंदाविषयी, कारण इथंच हमखास चुकतं.

सुतारकामाचा पांढरा गोंद नको. तो पॉलिव्हिनाइल अॅसिटेट असतो आणि हळूहळू अॅसिटिक आम्लच सोडतो. ज्यानं शंख खाल्ला तेच त्याच्या सांध्यात भरणं झालं. झटपट चिकटणारा सायनोअॅक्रिलेट ठिसूळ होतो, आजूबाजूला पांढरी धूळ बसवतो आणि नंतर सुटता सुटत नाही. इपॉक्सी पिवळा पडतो आणि शंखापेक्षा मजबूत असतो. पुढं धक्का लागला तर सांधा टिकतो, शंख फुटतो.

संग्रहालयांत वापरतात ते पॅरालॉइड बी-७२, अॅक्रिलिक राळ, साबुदाण्यासारखे मणी मिळतात. अॅसिटोननं कधीही परत सोडवता येतं, हा त्याचा गुण. ४ ग्रॅम मणी आणि ६ ग्रॅम, म्हणजे सुमारे साडेसात मिली अॅसिटोन. मणी जाळीच्या कापडात बांधून बाटलीत लटकवा, सकाळपर्यंत विरघळतात; तळाशी टाकले तर गोळा होऊन बसतात. बाटली काचेची, घट्ट झाकणाची. आसपास शेगडी, बर्नर नको.

आता मराठवाड्याची गोम. बी-७२ साधारण ४० अंश सेल्सिअसला मऊ व्हायला लागतं. वैशाखात आपल्याकडं बाहेरच ४२-४३ असतं, बंद वर्ग आणि काचेचं कपाट विचारूच नका. सांधा सुटत नाही, पण वजनदार तुकडा हळूहळू ओघळतो आणि जूनमध्ये तिरका झालेला दिसतो. लोकांना वाटतं गोंद खराब होता. उपाय दोन: याच घराण्यातलं बी-४८एन घ्या, ते सुमारे ५० अंशांपर्यंत टिकतं, किंवा बी-७२ च वापरून तुकड्याखाली पॉलिथिन फोमचा आधार कायमचा ठेवा, म्हणजे भार सांध्यावर येत नाही. माझं मत दुसऱ्या उपायाला.

खळगा आणि तुकडा दोन्ही पूर्ण कोरडे हवेत. टाचणीच्या टोकाएवढे दोन-तीन थेंब, पूर्ण खळगा भरायचा नाही. तुकडा बसवून वाळूच्या वाटीत शंख असा टेकवा की सांधा आडवा राहील. एक दिवस हात लावू नका. काम सकाळी करा. दुपारच्या उष्णतेत अॅसिटोन इतक्या झपाट्यानं उडतं की आत बुडबुडे राहतात आणि सांधा पोकळ होतो. आणि अॅसिटोन थर्माकोलवर सांडलं तर थर्माकोल विरघळतो, त्यामुळं आधाराला तो घेऊ नका.

मांजराकाठ

दुकानदारानं लावलेला शिंपलाही परत बसवायचा का? आणि कपाटाचं काय, नवं घ्यायला पैसे मंजूर व्हायला वर्ष जाईल.

दुधनातीर

बसवू नका. तो या प्राण्याचा भागच नाही. फेकूही नका, पुडीत, त्याच नोंद क्रमांकाखाली, "नंतर चिकटवलेला, मूळ नव्हे" अशी चिठ्ठी घालून ठेवा. मूळ शंखावर राहिलेला पिवळा गोंद खरवडू नका. अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या कापसाच्या काडीनं थोडा-थोडा मऊ होतोय का बघा. नाही झाला तर राहू द्या. खरवडण्यात गोंदाबरोबर शंखाचा पापुद्रा निघतो.

एक वस्तू नकली निघाली म्हणून बाकीच्यांची तपासणी सोडू नका. विक्रेते बहुधा अस्सल शंखावरच गळालेल्या जागा भरतात. प्रत्येक वस्तूला घड्याळाच्या काट्यासारखी जागा देऊन (तोंडाची बाहेरची कड म्हणजे ६) तक्ता करा: वस्तू काय, लांबी किती, खोलगट बाजू वर की खाली, सांध्याला उजेड येतो की नाही.

चिठ्ठीवर: झेनोफोरा पॅलिड्युला, कंसात रीव्ह, १८४२, व्यास वस्तूंविना ६२, वस्तूंसह ९८, उंची ३८ मिमी, ठिकाण, खोली, तारीख अज्ञात, जुनी चिठ्ठी जपून ठेवली आहे. ठिकाणाच्या जागी अंदाजानं 'फिलिपिन्स' लिहू नका. पुढचा माणूस तो पुरावा समजतो. विद्यार्थ्यांच्या स्पॉटिंगला (नमुना ओळखण्याच्या परीक्षेला) नमुना चालेल, प्रजातीच्या प्रसाराचा पुरावा म्हणून मात्र नाही. चिठ्ठी एचबी पेन्सिलीनं लिहा, बॉलपेन दमट हवेत पसरतं.

याच खरेदीतले बाकीचे शंखही एकदा नजरेखालून घाला. शिंगवाला हेल्मेट शंख, मोठा ट्रायटन, नॉटिलस हे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहेत, आणि २०२२ च्या दुरुस्तीनं अनुसूचींची मांडणी बदलली. तसं काही निघालं तर विभागप्रमुखांच्या कानावर घालून वन विभागाशी लेखी बोला. विकायचं, बदलायचं तर नावच काढू नका.

खडकपारखी

कपाटाचं मी सांगतो. नवं मंजूर होईपर्यंत शंख आणि फॉर्मॅलिन एका हवेत ठेवायचे नाहीत, हा पहिला आणि जवळजवळ एकमेव नियम. बरण्या दुसऱ्या खोलीत हलवा, पातळी भरा, झाकणं परत सील करा.

शंख लोखंडी कपाटात. नुकताच ऑइलपेंट मारलेलं नको, रंग पूर्ण सुकायला तीन-चार आठवडे द्या, ओल्या ऑइलपेंटमधूनही आम्लं येतात. आत प्रत्येक शंखाला झाकणाचा पॉलिप्रॉपिलिन डबा, खाली पांढरा पॉलिथिन फोम. कापूस, वर्तमानपत्र, पुठ्ठ्याची खोकी काढून टाका. काचेच्या फटी बुजवायला ज्या सिलिकॉनला व्हिनेगरचा वास येतो तो वापरू नका, न्यूट्रल क्युअर मागा. हार्डवेअरवाला "दोन्ही सारखंच" म्हणेल.

सिलिका जेल दर दहा लिटर जागेला २०० ग्रॅम. पावसाळ्यात रंग बदलला की ओव्हनमध्ये ११० ते १२० अंशांवर दोन तास, थंड करून परत. आपल्याकडं मे महिन्यात हवा ठणठणीत कोरडी असते आणि जुलैत भिंती घाम फुटल्यागत, म्हणून एक साधा आर्द्रतामापक डब्यात ठेवा. पन्नास टक्क्यांच्या आसपास आकडा राहिला की पुरे.

जुनं सागवानी कपाट दगड-खनिजांना देता येईल का, हे बघायचं असेल तर शिशाची चाचणी करा. मासेमारीच्या गळाचं शिसं ठोकून पातळ करा, बारीक सँडपेपरनं चकचकीत घासा, हातमोजे घालून. बरणीत कपाटाच्या लाकडाचा २ ग्रॅम चुरा, छोट्या नळीत पाण्याचे काही थेंब, वर दोऱ्यानं शिशाची पट्टी, झाकण घट्ट. शेजारी तशीच दुसरी बरणी, फक्त चुऱ्याविना. दोन्ही इन्क्युबेटरमध्ये ६० अंशांवर २८ दिवस. चुऱ्याच्या बरणीतल्या शिशावर पांढरा थर आला आणि दुसऱ्यातल्यावर नाही, तर त्या कपाटात चुनखडक, जीवाश्म, अंड्यांची टरफलं, काहीच चुनखडीचं ठेवू नका. बेसाल्ट आणि गारगोट्या खुशाल ठेवा.

मांजराकाठ

बरण्या आजच हलवल्या. धुणं सोमवारी. पहिल्या पाण्याला किती क्षार निघतो ते मोजायचं असेल तर काही सोपं आहे का?

बालाघाटी

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) असेल तर प्रत्येक पाण्याचं आधी आणि नंतरचं वाचन घ्या. तिसऱ्या पाण्याचं वाचन जवळपास वाढलं नाही तर थांबा. वाढतच असेल तर चौथं पाणी द्या, त्यापुढं नको. मीटर नसेल तर प्रत्येक पाण्याचे १० मिली काचेवर सुकवून डाग शेजारी-शेजारी ठेवा, डोळ्यांनाही फरक कळतो. आणि वाळल्यावर डब्यात ठेवून पहिले दोन महिने दर आठवड्याला भिंगानं सांधे बघत जा, पावडर परत आली तर तिथूनच सुरू होते.